पाचगणीची हवा आणि आत्याचा फवारा

पसरणी घाटाची पहिली काही वळणे मागे पडली तशी आत्याने गाडीची काच खाली करायला लावली. खाली वाई, कृष्णेचे पात्र आणि दूरवर धोम धरणाचे पाणी दिसत होते. सप्टेंबरचा अखेरचा आठवडा होता. कडे हिरवे होते आणि कातळावरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या. आत्याने डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "बघ, घाट लागला आणि नाक मोकळं झालं. उगाच तुम्ही डॉक्टर लोक औषधांच्या मागे लागता."

मी काही बोललो नाही. घाटाच्या कडेला, थेट रस्त्यापर्यंत आलेले गाजरगवत मला दिसत होते. पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले हे तण आता कोणत्या घाटात नाही? पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून तिला त्याची आठवण करून देणे जिवावर आले.

पाचगणीला जायचा हट्ट तिचाच होता. गेली सात-आठ वर्षे तिला बारमाही सर्दी आहे. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, दिवसभर पाणी गळणे, आणि रात्री एक नाकपुडी बंद, कधी दोन्ही. तपासणीत घरधुळीतील माइट नावाच्या सूक्ष्म किड्याची अ‍ॅलर्जी ठळक निघाली होती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन वर्षांपूर्वी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सुरू केला होता. तरीही आराम नाही, म्हणून यंदा तिने स्वतःच उपाय ठरवला: हवापालट. सोबत तिची सून, म्हणजे माझ्या वहिनी, आणि गाडी चालवायला मी.

पाचगणीवरील तिच्या श्रद्धेला एक कारण आहे. १९५१ साली माझ्या आजीला क्षय झाला आणि तिला पाचगणीच्या एका आरोग्यधामात ठेवले गेले. आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. तिला वाईला नातेवाइकांकडे ठेवले होते आणि महिन्यातून एकदा वर नेत असत. मुलांना आत सोडत नसत. व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसलेली आई खालच्या अंगणातून पाहायची, हात हलवायचा आणि परत फिरायचे. चौदा महिन्यांनी आजी घरी आली आणि पुढे पंच्याऐंशीपर्यंत जगली. "आई पाचगणीच्या हवेनं बरी झाली," हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या समईइतके जुने आहे.

तसे पाहिले तर या गावाची जडणघडणच हवेच्या औषधावर झाली आहे. दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या जागेवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने वस्ती वाढवली, निरनिराळी झाडे लावली. त्याची कबरही येथील चर्चच्या आवारातच आहे. महाबळेश्वर येथून जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटर; पण तेथील पाऊस माणसाला कोंडून घालणारा, तर पाचगणी पूर्वेकडे सरकलेली आणि म्हणून तुलनेने कोरडी. त्यामुळे बाराही महिने राहता येईल असे ठिकाण म्हणून ती निवडली गेली. पुढे शाळा आल्या आणि आरोग्यधामेही आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी उभारलेले 'बेल-एअर' हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. क्षयावर औषधच नव्हते अशा काळात स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस अन्न एवढीच शस्त्रे वैद्यांच्या हाती होती, आणि ती त्यांनी निष्ठेने वापरली. आजीच्या वेळी मात्र परिस्थिती बदलली होती. अमेरिकेत १९४३ मध्ये शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हिंदुस्थानात येऊ लागले होते, आणि आजोबांनी दागिने मोडून आणलेल्या इंजेक्शनांचा हिशेब असलेली एक वही आमच्याकडे आहे. आजी हवेने बरी झाली की त्या इंजेक्शनांनी, हा प्रश्न मी घरात कधी मोठ्याने विचारलेला नाही.

दुपारी आम्ही मुक्कामाच्या बंगल्यात पोहोचलो. जुने दगडी बांधकाम, कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, अंगणात सिल्व्हर ओकची उंच झाडे. आत्या हरखून गेली. मी मात्र खोलीत शिरलो आणि मला वास आला. पावसाळाभर बंद असलेल्या घराचा तो वास आपणा सर्वांच्या परिचयाचा असतो: ओल, जुना कापूस, बुरशी. कपाटामागच्या भिंतीवर काळसर नक्षी उमटली होती. गाद्या कापसाच्या, जाडजूड, आणि हाताला किंचित दमट. राखणदाराने सांगितले, जूनपासून त्यांना ऊन लागलेले नाही.

त्या रात्री काय होणार हे मला समजायला हवे होते. पहाटे साडेतीनच्या सुमारास शिंकांनी जाग आली. शिंका थांबेनात. बाहेर आलो तर आत्या शाल गुंडाळून व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेली, तोंड उघडे टाकून श्वास घेत होती. तिच्या मुठीत एक लहानशी प्लास्टिकची बाटली होती. नाक मोकळे करणारे थेंब. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात ते.

"आत्या, हे थेंब दिवसातून किती वेळा घालतेस?"

"मोजतंय कोण? नाक बंद झालं की घालते."

"आज किती वेळा घातलेस?"

तिने बोटांवर मोजले. वाईला चहासाठी थांबलो तेव्हापासून सात वेळा.

घाटात नाक मोकळे झाले होते ते कशाने, याचा उलगडा मला तेव्हा झाला. मी रक्तदाब पाहिला. १७२ आणि ९४. पुण्यात गोळीवर तो १३५च्या आसपास असतो. तो केवळ थेंबांमुळेच चढला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. जागरण, प्रवास, घाबरटपणा ही कारणेही होतीच. परंतु हे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून काम करतात, आणि वारंवार घातले तर त्यांचा परिणाम नाकापुरता राहीलच असे नाही, म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांच्या बाबतीत आम्ही त्यांच्याविषयी सावध असतो.

"आणि तुझा फवारा कुठे आहे?"

"तो पुण्यात. इथे कशाला आणायचं स्टिरॉइड? इथे हवा आहे ना."

तिने 'स्टिरॉइड' हा शब्द ज्या स्वरात उच्चारला, तो स्वर मी दवाखान्यात रोज ऐकतो. पण आत्याच्या बाबतीत त्याचा उगम मला ठाऊक होता. माझ्या काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, दमा होता. एका डॉक्टरांनी त्यांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या, आराम पडला. मग तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून त्या गोळ्या ते वर्षानुवर्षे घेत राहिले. चेहरा सुजला, मधुमेह जडला, त्वचा कागदासारखी झाली, आणि शेवटी न्हाणीघरात साधे घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडले. त्यांची शेवटची दोन वर्षे अंथरुणावर गेली. त्यांची सारी सेवा आत्याने केली. ज्या बाईने हे पाहिले आहे, तिने त्या शब्दाला घाबरू नये असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पहाटेच्या त्या गारव्यात मी तिला सांगू लागलो, ते येथे जरा नीट मांडतो. कारण हीच शंका अनेक वाचकांच्या मनात असते, हे मला माहीत आहे.

काकांच्या गोळीत दहा मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. ती पोटातून रक्तात आणि रक्तातून हाडे, डोळे, त्वचा, स्वादुपिंड अशी सर्वत्र जात होती. आत्याच्या फवाऱ्यात फ्लुटिकासोन हे औषध आहे. एका फवाऱ्यात पन्नास मायक्रोग्रॅम. प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे दिवसाला दोनशे. यातले बरेचसे नाकाच्या अस्तरावर बसून तेथेच काम करते. काही घशातून पोटात जाते, पण यकृत त्याचा पहिल्याच फेरीत जवळजवळ निकाल लावते. एकूण डोसापैकी दोन टक्क्यांहूनही कमी औषध रक्तात पोहोचते. म्हणजे दिवसाला चार मायक्रोग्रॅमहून कमी. ही तुलना अगदी वजनकाट्यासारखी घेऊ नये, कारण दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही. मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम पाहिले तर फ्लुटिकासोन पुष्कळच प्रभावी आहे. तरीही दोन्हींच्या परिणामांतला फरक फार मोठा आहे. मोमेटासोनचेही असेच आहे. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन ही जुनी औषधे तुलनेने अधिक शोषली जातात, पण नाकाच्या नेहमीच्या डोसात तीही अनेक वर्षे वापरात आहेत.

"पण रोज, वर्षानुवर्षं मारून नाकाची कातडी झिजत असेलच ना?"

हा प्रश्न रास्त होता. त्वचेवर स्टिरॉइडचे मलम फार दिवस चोळले तर ती पातळ होते, हे आपण पाहतो. नाकाविषयी तीच भीती डॉक्टरांनाही होती. म्हणून वर्षभर रोज मोमेटासोनचा फवारा घेतलेल्या रुग्णांच्या नाकातील अस्तराचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. अस्तर पातळ झालेले आढळले नाही. उलट अ‍ॅलर्जीने आलेली सूज उतरलेली दिसली. हे फवारे काही कालपरवाचे नाहीत. डेन्मार्कमधील डॉ. नील्स मिगिंड यांनी १९७३ मध्ये बेक्लोमेथासोनच्या नाकातील वापरावर आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे या औषधांना पन्नासहून अधिक वर्षे झाली.

आत्या ऐकत होती. मग तिने शालीच्या टोकाने नाक पुसले आणि म्हणाली, "मग माझ्या रुमालावर रक्त का यायचं रे?"

हे मला तिने आजवर सांगितलेच नव्हते. आणि मीही कधी विचारले नव्हते.

सकाळी वहिनींनी पर्स उघडली आणि फवाऱ्याची बाटली माझ्यासमोर ठेवली. सासूबाईंच्या नकळत त्यांनी ती सोबत घेतली होती. "भाऊजी, ही गेल्या दिवाळीपासून चालू आहे," त्या म्हणाल्या. बाटलीवर फवारे १२० असे छापलेले. रोज चार मारले तर ती तीस दिवसांत संपायला हवी. दिवाळीची बाटली भाद्रपदात अर्धी शिल्लक होती, आणि तिची वापरण्याची मुदतही उलटून गेली होती. औषधाने गुण येत नाही असे आम्ही सारे म्हणत होतो. औषध घेतलेच जात नव्हते.

मी आत्याला म्हटले, "मला मारून दाखव." तिने मान मागे टाकली, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी थेट मधल्या पडद्याच्या दिशेने रोखली, दाबली आणि जोरात श्वास ओढला. सगळे औषध घशात. "कडू लागतं," ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी ही चिठ्ठी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा बाहेर चाळीस माणसे बसली होती. 'सकाळी दोन-दोन फवारे' एवढे सांगून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले होते. ती सख्खी आत्या होती, तरीही. परक्या रुग्णांचे काय होत असेल, हे त्या सकाळी चहा घेताना माझ्या मनात आले आणि अजून येते.

बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणली. जेवणाच्या टेबलाशी बसून तिघांनी मिळून शिकवणी घेतली. आधी मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने नाक धुऊन हलकेच शिंकरायचे, कारण शेंबडाच्या थरावर औषध मारून उपयोग नाही. बाटली हलवायची. नवी असेल तर बारीक धुके येईपर्यंत दोन-चार फवारे हवेत सोडायचे. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवायची. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या. म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. श्वास नेहमीसारखा संथ. फुलाचा वास घेतो तेवढाच. आत्याचा डावा हात संधिवाताने थरथरतो, तिला बाटली दाबणे जमेना. तेव्हा एका बाजूला वहिनींनी दाबायचे असे ठरले. ज्या घरात हात थरथरणारी वृद्ध व्यक्ती आहे, तेथे हे काम सांभाळणाऱ्याने आपलेच समजावे. रुमालावरच्या रक्ताचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते, की फवारा पडद्यावर मारला जातो. तरीही रक्त येत राहिले, तर काही दिवस फवारा थांबवून नाक तपासून घ्यावे. पडद्याला भोक पडणे दुर्मिळ आहे, पण अगदीच अशक्य नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी चालू असेल तर अधिक लक्ष ठेवावे.

दुपारी ऊन पडले तेव्हा टेबललँडवर गेलो. जांभ्या दगडाचे ते विस्तीर्ण पठार पावसाळ्याच्या अखेरीस हिरव्या गालिच्यासारखे दिसते; मध्ये पाण्याची लहान डबकी, कडेला घोड्यांची रांग. आत्या चाकाच्या खुर्चीत होती. वाऱ्याने तिचे पांढरे केस उडत होते. नाक त्या मानाने बरे होते. "बघ, इथे शिंक नाही," ती म्हणाली. आणि यात तिचे खरेही होते.

ज्या किड्याची आत्याला अ‍ॅलर्जी आहे तो उघड्या पठारावर राहत नाही. तो राहतो गादीत, उशीत, दुलईत, सोफ्याच्या कापडात. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा भुसा खातो, आणि पाणी पीत नाही, हवेतला दमटपणाच शोषून घेतो. नेदरलँड्समधील लायडन येथे व्हूरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी १९६४ मध्ये घरधुळीच्या अ‍ॅलर्जीचा संबंध या माइटशी जोडला. तोपर्यंत डॉक्टर नुसते 'धूळ' म्हणत. त्याच देशातले दम्याचे रुग्ण स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला जाऊन बरे व्हायचे, त्याचे एक कारणही मग उमगले: सुमारे १,५६० मीटर उंचीवरची ती हवा इतकी थंड आणि कोरडी, की माइटचे तेथे फारसे चालत नाही. हवापालटाची कल्पना भोळी नव्हती. फक्त दाव्होसची हवा पाचगणीत नाही. इथली उंची कमी, आणि चार महिने ढग घरात शिरतात. पावसाळ्यानंतरच्या बंद बंगल्यातली गादी म्हणजे माइटसाठी भरल्या घराची पंगत. पुण्यात निदान वहिनी गाद्यांना ऊन देत होत्या.

त्या दिवशी उरलेल्या उन्हात आम्ही आत्याची गादी आणि उशी व्हरांड्याबाहेर टाकली, खोली बदलली, कोळ्याची जाळी झाडण्याच्या वेळी तिला बाहेर बसवले. गादीला घट्ट विणीची खोळ, आठवड्याला चादरी-अभ्रे चांगल्या कडक, साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुणे, ओल्या भिंतीपासून पलंग दूर करणे, हे सर्व करावेच. पण एवढ्यावर औषध सुटेल अशी आशा मी कोणाला देत नाही. खोळी घातल्या आणि फवारा बंद केला, असे करणारे रुग्ण महिन्याभरात परत आलेले मी पाहिले आहेत.

खरा प्रश्न थेंबांचा होता. वाचकहो, यात एक विचित्र विसंगती आहे. ज्या फवाऱ्याला आपण 'सवय लागेल' म्हणून घाबरतो, त्याने नाकाला सवय लागत नाही. आणि ज्या थेंबांची सवय लागते, ते पेढ्यासारखे हातोहात खपतात, कारण त्यांच्या खोक्यावर स्टिरॉइड हा शब्द नसतो. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे हे थेंब पाच-दहा मिनिटांत नाक मोकळे करतात. काही तासांनी परिणाम ओसरला की रक्तवाहिन्या अधिकच फुगतात, नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे हात नेतो. साधारण पाच दिवसांच्या पुढे ते वापरू नयेत. आत्या ते किती महिने वापरत होती, याचा हिशेब लागला नाही. याउलट स्टिरॉइडचा फवारा मारल्याबरोबर काहीच जाणवत नाही. त्याचा पूर्ण गुण यायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडे लागतात, आणि तोही रोज घेतला तरच. म्हणून माणसे कंटाळून तो सोडतात.

थेंब एकदम बंद करायला आत्या तयार नव्हती. रात्री जीव घाबरतो म्हणाली. तेव्हा एक जुनी युक्ती योजली. दोन्ही नाकपुड्यांत फवारा चालू ठेवायचा, आणि थेंब आधी फक्त डाव्या नाकपुडीत बंद करायचे. रात्री श्वासाला उजवी बाजू मोकळी राहते. आठवड्याभराने उजवीकडचेही बंद. दुसरी रात्रही वाईटच गेली. वहिनी दोन वाजेपर्यंत तिच्या पाठीला उशा लावून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. रक्तदाब १४८ आणि ८६ होता.

वाटेत वहिनींनी मला बारीकसारीक बरेच विचारले, आणि त्या प्रश्नांत माझ्या दवाखान्यातल्या कित्येक सुना, मुली, जावई यांचे आवाज मला ऐकू आले. फवारा किती वर्षे चालेल? जोवर त्रास आहे तोवर. पण दर तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांनी पाहून, आराम पडला की डोस कमी करत, ज्या किमान मात्रेत नाक शांत राहते तेवढीच ठेवावी. डोळ्यांचे काय? नाकाच्या फवाऱ्याने काचबिंदू किंवा मोतीबिंदू वाढतो असे बहुतांश अभ्यासांत दिसलेले नाही. तरी ज्यांना काचबिंदू आहे किंवा घराण्यात आहे, त्यांनी फवारा सुरू केल्यावर डोळ्यांतील दाब तपासून घ्यावा. आणि एक मोजमाप घरच्यांनीच ठेवावे, कारण ते कोणत्याही एका डॉक्टरांसमोर पूर्ण येत नाही: दम्याचा पंप, त्वचेचे मलम, डोळ्यांचे थेंब, गुडघ्यातले इंजेक्शन, आणि हा फवारा, यांतल्या किती गोष्टींत स्टिरॉइड आहे? प्रत्येक तज्ज्ञ आपल्या पुरते थोडेसे देतो. बेरीज कोणीच करत नाही. इट्राकोनाझोलसारखी बुरशीवरची गोळी किंवा एचआयव्हीवरची रिटोनाविरयुक्त औषधे चालू असतील तर फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड शरीरात साचू शकतात. तेथे आधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक. क्षयाचा उपचार न झालेला संसर्ग किंवा नाकाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तेव्हाही. सर्दीसाठी 'एकच इंजेक्शन, सहा महिने आराम' असे कोणी म्हणाले, तर ते इंजेक्शन म्हणजे काकांच्या गोळ्यांची सख्खी बहीण असते, हे ओळखावे. आणि दुकानातून मिळणाऱ्या सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला देऊ नयेत. रात्री लघवीला उठताना तोल जाणे, लघवी अडणे, बुद्धीचा गोंधळ, असे त्यांचे परिणाम मी फार पाहिले आहेत.

प्रत्येक गळणारे नाक अ‍ॅलर्जीचे नसते, हेही सांगितले. गरम सार पिताना म्हाताऱ्यांच्या नाकातून पाणी येते, त्यावर स्टिरॉइडचा फवारा फारसा चालत नाही. एकाच बाजूचे नाक सतत बंद, रक्तमिश्रित स्राव, वास अचानक जाणे, असे असेल तर फवारा मारत बसू नये. तज्ज्ञांकडून आत पाहून घ्यावे.

सुरूर फाट्यापाशी चहाला थांबलो. आत्याने पर्समध्ये हात घातला, थेंबांची बाटली काढली, माझ्याकडे पाहिले आणि फक्त उजव्या नाकपुडीत एक थेंब सोडला.

डिसेंबरमध्ये ती दवाखान्यात आली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर वहिनींनी रोजच्या फवाऱ्याची खूण करायला सुरुवात केली होती, ती तीन पाने सोबत आणली होती. मधले चार दिवस रिकामे होते. त्या दिवसांत भाचीच्या लग्नाला गेली होती म्हणे. सकाळच्या शिंका दोन-चारवर आल्या होत्या. रुमालावर रक्त नव्हते. डोळ्यांचा दाब सामान्य. मोतीबिंदू वयानुसार थोडा आहे, आत्ता काही करायचे नाही, असे नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिले होते. मी डोस निम्मा केला. प्रत्येक बाजूला एकच फवारा. तिला पुन्हा मारून दाखवायला लावले. मान जरा मागेच जात होती.

थेंबांची बाटली तिच्या पर्समध्ये अजून असते. उघडलेली नाही, असे वहिनी म्हणतात. मी विचारलेले नाही. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तिला पुन्हा पाचगणीला जायचे आहे, आईचा तो व्हरांडा यंदा पाहायचा राहिला म्हणून. या वेळी आपली उशी आपण बरोबर घेऊ, एवढे तिने मान्य केले आहे.